फसली, रुतली की टेकली? काटोलच्या संत्राबागेतला एक फोर बाय फोर ट्रक

गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती वजनकाट्यावर. चालक खिडकीशी वाद घालत होता. रिकाम्या ट्रकचं वजन आरसीवर लिहिलंय त्याहून २६० किलो जास्त कसं, असा त्याचा सवाल. काटेवाला शांतपणे म्हणाला, "काटा बरोबर आहे भाऊ, गाडीखाली पाहा." मी वाकून पाहिलं. पुढच्या चाकांमध्ये साधा बीम असायला हवा होता, तिथे ॲक्सलचं एक जाडजूड हाउसिंग होतं, आतून चाकांना पॉवर नेणारं, एका बाजूला फुगलेलं. गिअरबॉक्सच्या मागे चेसिसला टांगलेली एक ओतीव पेटी आणि तिच्यातून निघालेले दोन शाफ्ट, एक मागे, एक पुढे. ४०७ वर्गातला साधा मालट्रक कुणीतरी फोर बाय फोर, म्हणजे पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांना पॉवर मिळेल असा, करून टाकला होता.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. मोडलेल्या गाड्या पाहणं हा माझा धंदा. ही गाडी मोडलेली नव्हती आणि कुठला दावाही नव्हता. मालक ओळखीतला, आणि त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: एवढे पैसे घालूनही गाडी फसते कशी ते कळायला हवं होतं, आणि जानेवारीत आरटीओच्या फिटनेस तपासणीला न्यायची तर काय होईल तेही. नावं, गाडीचा नंबर आणि बागेचं गाव मी देत नाही.

आंबिया बहार आणि काळी माती

मालक संत्र्याचा व्यापारी. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या बागा झाडावरच ठोक घ्यायच्या, आपले मजूर लावून तोड करायची, कॅरेट भरून माल नागपुरात कळमन्याच्या बाजाराला. मृग बहाराची (बहार म्हणजे फळ धरण्याचा हंगाम) त्याला चिंता नसते. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो, तेव्हा जमीन तडकलेली असते आणि ट्रक झाडापर्यंत जातो. अडचण आंबियाची. त्याची तोड ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि ज्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळतो त्या वर्षी बागेतल्या जमिनीला वाफसा म्हणून येत नाही.

मुरमाड जमिनीत चाक वरचा चिखल कापतं आणि खालच्या टणक थरावर उभं राहतं. काळ्या भारी जमिनीत खाली थरच लागत नाही. कितीही उकरा, तीच माती. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाण्यानं फुगते आणि लोण्यासारखी होते. वर टायरला अशी लपेटते की खाचा भरून जातात, खोल खाचांचा लग टायरही गुळगुळीत होतो. मागच्या जोडचाकांच्या फटीत ती अशी काही ठासून बसते की संध्याकाळी सब्बल घेऊन काढावी लागते.

आदल्या ऑक्टोबरात हा ट्रक तीनदा फसला. एकदा तर भरलेल्या कॅरेटसकट रात्रभर बागेत राहिला. नागपुरी संत्र्याची साल सैल, फळ नाजूक; एक रात्र उशीर आणि उतरवा-चढव झाली की कळमन्यात भाव पडतो. त्या हंगामानंतर मालकानं ठरवलं की यंदा हे होऊ द्यायचं नाही.

कामठी रोडवर एका मिस्त्रीचं वर्कशॉप आहे. माणूस जुन्या जीपगाड्यांवर वाढलेला, हात चांगला. कामठीला लष्कराची छावणी असल्यानं त्या रस्त्यानं स्टॅलियन ट्रक जाताना दिसतात, आणि बहुधा तिथेच कल्पना सुचली असावी. मिस्त्री म्हणाला, "मिलिटरीची गाडी कधी फसताना पाहिली का भाऊ तुम्ही? चारही चाकाले पॉवर देऊन टाकू, मंग जा कुठंबी." डिस्पोजलमधून, म्हणजे मोडीत निघालेल्या मालातून, एक पुढचं हाउसिंग मिळालं, दुसऱ्या एका गाडीची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची पॉवर पुढे आणि मागे वाटून देणारी पेटी) मिळाली. मे महिन्यात काम झालं. मालकाच्या वहीत खर्च पावणेतीन लाख.

स्टॅलियन फसत नाही ती निव्वळ चारही चाकांना पॉवर असते म्हणून नव्हे, हे तेव्हा कुणी बोललं नाही. तिच्या मागच्या ॲक्सलवर जोडचाकं नसतात. पुढे आणि मागे एकेकच, मोठं, रुंद चाक. पुढच्या चाकानं पाडलेल्या चाकोरीतूनच मागचं चाक जातं, नवी माती कापावी लागत नाही. हाउसिंग जमिनीपासून बरंच वर राहतं. लष्करासाठी अडीच टनी वर्गात टाटाची एलपीटीए ७१३ ही अशीच मुळातून फोर बाय फोर म्हणून बांधलेली गाडी. आपल्या ट्रकला मागे चार चाकं होती आणि पुढे दोन, म्हणजे मागच्या जोडीतलं निदान एक चाक दर वेळी कोरी माती तुडवत जाणार.

मिस्त्रीचं काय बरोबर होतं

मिस्त्रीला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटवायच्या भानगडीत तो पडला नाही. तिला वेगळी, स्वतंत्र आडव्या मेंबरवर रबरी बुश घालून टांगली आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत आखूड शाफ्ट दिला. गिअरबॉक्सला हात न लावता करायचं असेल तर हीच पद्धत. केसचं पुढचं तोंड ज्या बाजूला, हाउसिंगचा फुगीर भागही त्याच बाजूला असावा लागतो. नाहीतर पुढचा शाफ्ट इंजिनाखालून तिरका काढावा लागतो. ते त्यानं जुळवलं होतं. कापलेले शाफ्ट लेथवर सरळ करून बॅलन्सही करून घेतले होते. दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे) एका रेषेत होते. क्रॉस तिरक्या कोनात फिरतो तेव्हा पुढच्या टोकाची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते; दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि क्रॉस एका रेषेत असले तर एकाची चूक दुसरा पुसतो. अनेक ठिकाणी हे पाहायलाही मिळत नाही.

बिघडलं ते तीन जागी, आणि तिन्ही एकमेकांत अडकलेल्या.

दातांचा हिशोब

जूनमध्ये वर्कशॉपबाहेरच्या डांबरी रस्त्यावर चाचणी झाली. लिव्हर टाकून, चारही चाकं जोडून, मालकाला दाखवण्यासाठी दोन फेऱ्या. तिसऱ्या वळणावर पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. क्रॉसच हलक्या प्रतीचा होता असं म्हणून मिस्त्रीनं नवा, महागातला टाकला. महिन्याभरात तोही गेला.

असा क्रॉस गेला की पहिला प्रश्न दातांचा. आम्ही गाडी जॅकवर घेतली आणि क्राऊन-पिनियनचे, म्हणजे शाफ्टची गती चाकांकडे वळवणाऱ्या हाउसिंगमधल्या दातेरी जोडीचे, दात मोजले. मागे ४१ आणि ८, म्हणजे शाफ्टच्या ५.१२५ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. पुढे ३७ आणि ८, म्हणजे ४.६२५. केसमधून दोन्ही शाफ्ट एकाच गतीनं फिरतात. त्यामुळे पुढची चाकं मागच्यांपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त फिरणार. मागची चाकं एक किलोमीटर चालली की पुढच्यांना १,१०८ मीटर जायचं असतं. ट्रक तर एकच आहे. चिखलात ही तफावत घसरण्यात निघून जाते. कोरड्या डांबरावर ती निघायला जागा नसते. ती शाफ्टमध्ये पिळासारखी साठत जाते आणि सगळ्यात कमजोर जागी सुटते.

(हाउसिंग न उघडता मोजायचं असेल तर शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण करा, गाडी उचलून दोन्ही चाकं एकाच दिशेनं एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक फिरवून दुसरं धरून ठेवलं तर शाफ्ट निम्माच फिरतो, हे विसरलं की हमखास चुकतं. मी स्वतः चुकलोय.)

मिस्त्रीला दाखवलं तर तो गप्प बसला नाही. "साहेब, ट्रॅक्टरची पुढची चाकं मागच्याहून जास्तच फिरून राहतेत. मुद्दाम ठेवतेत कंपनीवाले." आणि हे खरं आहे. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये पुढच्या चाकांना थोडी आघाडी दिलेली असते, म्हणजे ती सतत पुढे ओढत राहतात. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे; नागपुरातल्या मिस्त्रीला हे माहीत असणं नवल नाही. पण ती आघाडी एक ते पाच टक्क्यांची असते आणि ट्रॅक्टर शेतात राबतो. काटोल ते कळमना हा साठेक किलोमीटरचा डांबरी रस्ता ११ टक्क्यांच्या आघाडीनं कापायला बसला, तर काय होणार? चालकानं लिव्हर काढून गाडी चालवायची, हे ठीक. पण बागेतून निघताना लिव्हर काढायचं विसरणं हे दिवसभराच्या तोडीनंतर कुणाकडूनही होईल, आणि झालंही होतं.

उपाय एकच, दोन्हीकडे सारखे दात. पुढच्या हाउसिंगचा मेक वेगळा. त्याला ४१/८ चा जोड डिस्पोजलमध्ये मिळेना. टायर लहान-मोठे करून तफावत मिटवायची तर पुढचं टायर दहा टक्के लहान घ्यावं लागलं असतं, म्हणजे उंचीसाठी केलेला सगळा खटाटोप पाण्यात.

पाचर

दुसरी भानगड उंचीची. मूळ बीम इंजिनाच्या खाली वाकलेला असतो, तेलाच्या सम्पला (इंजिनाच्या तळाच्या टाकीला) जागा सोडून. पॉवरचं हाउसिंग वाकत नाही, सरळ असतं. त्यामुळे पुढून गाडी उचलावी लागली, आणि ती नाकावर चढलेली दिसू नये म्हणून मागूनही. एकूण चार इंच.

गाडी उचलल्यावर पुढच्या शाफ्टचा कोन जास्त झाला. तो कमी करायला मिस्त्रीनं पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी पाचर घातली, म्हणजे पिनियनचं तोंड वर, केसकडे वळलं. शाफ्ट खूश झाला. पण हाउसिंग फिरलं की त्याच्या दोन्ही टोकांवरच्या किंगपिनही, म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर चाक ज्यांच्याभोवती वळतं त्या खिळ्याही, फिरतात. किंगपिनचा वरचा भाग थोडा मागे झुकलेला असतो. सायकलचा चिमटा जसा तिरका असतो, तसाच. बऱ्याच अंशी त्यामुळे हात सोडला तरी सायकल सरळ जाते आणि वळणानंतर हँडल आपोआप जागेवर येतं. पाचरीनं तो झुकाव जवळजवळ मिटवून टाकला होता.

चालकाची तक्रार मी ऐकली तेव्हा कुणीही या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. तो म्हणत होता, "वळवल्यावर स्टेअरिंग परत येऊन नाही राहिलं साहेब. पन्नासच्या वर गेलो का पुढून थरथर. आधी असं नव्हतं." स्टेअरिंग बॉक्स बदलून झाला होता, टायर बॅलन्स करून झाले होते. पाचरीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण ती शाफ्टसाठी घातली होती.

ज्या कंपन्या हे काम नेमानं करतात त्या हाउसिंगच्या टोकांचं नकल (किंगपिन धरणारा भाग) वेगळ्या कोनात बसवतात, म्हणजे पिनियन वर आणि किंगपिन मागे, दोन्ही साधतं. मिस्त्री म्हणाला, कापून परत वेल्डिंग करतो. मी नको म्हटलं. स्टेअरिंगचा सगळा भार जिथे येतो तिथलं वेल्डिंग जिगशिवाय (कोन पक्का धरणाऱ्या साच्याशिवाय), डोळ्यानं, आणि ट्रक कळमेश्वरच्या रस्त्यावर भरधाव? असं वेल्डिंग सुटल्यावर काय दिसतं ते मी पाहिलंय.

उंचीची आणखी एक तक्रार होती, ती कुणी मिस्त्रीला सांगितलीच नव्हती, कारण ती मजुरांची होती. माल भरणारा गडी म्हणाला, "गाडी उंच झाली, कॅरेट आता छातीवर घ्यावं लागते." वीस-बावीस किलोचं कॅरेट, चार इंच जास्त, दिवसाला शेकड्यानं. त्यात २६० किलोचा लोखंडी पसारा आरसीवरच्या एकूण वजनातूनच जायचा, म्हणजे दर खेपेला डझनभर कॅरेट कमी. आणि पुढच्या क्रॉसचा मुडपण्याचा कोन मर्यादित असल्यानं गाडी पूर्वीइतकी वळत नव्हती. संत्र्याची झाडं साधारण ६ बाय ६ मीटरवर असतात, हेक्टरी २७७. ओळीच्या टोकाला आधी जो ट्रक एका दमात फिरायचा, तो आता तीनदा मागे-पुढे करायचा, आणि ओल्या जमिनीत मागे-पुढे करणं म्हणजे खड्डा खणणं.

फसली म्हणजे काय झालं

तरीही मूळ प्रश्न राहतोच. पुढची चाकं फिरत होती, दात न जुळोत, चिखलात तरी फायदा व्हायला हवा होता. मग ऑक्टोबरात गाडी परत फसली का?

मी चालकाला विचारलं, नेमकं काय झालं. "फसली." म्हणजे? "फसली म्हणजे फसली ना साहेब. चारही चाकं फिरून राहिली होती अन् गाडी जागची हालून नाही राहिली." मग मी त्याला बागेत घेऊन गेलो. पाऊस थांबून दोन आठवडे झाले होते, पण काळी माती आठवण ठेवते. चाकोऱ्या तशाच वाळून कडक झालेल्या, ट्रकनं स्वतःच लिहिलेला पंचनामाच जणू.

आपल्याकडे गाडीवाले तिन्हीला फसणंच म्हणतात, पण शेतकऱ्याकडे तीन शब्द आहेत. घसरली, म्हणजे चाक फिरतं पण माती धरत नाही. रुतली, म्हणजे माती चाकाचं वजन पेलत नाही आणि चाक खाली जातं. टेकली, म्हणजे चाक इतकं खाली गेलं की गाडीचं पोट जमिनीवर बसलं. फोर बाय फोर हे पहिल्याचं औषध आहे. दुसऱ्याला थोडंफार. तिसऱ्याला मुळीच नाही.

चाकोऱ्या पाहत आम्ही मागे गेलो. पांदणीवरून बागेत शिरताना, रिकामी असताना, एका ओढ्याच्या चढावर ट्रक घसरला होता, तिथे लिव्हर टाकल्यावर निघाला. रिकाम्या ट्रकचं निम्म्याहून थोडं जास्त वजन पुढे असतं, त्यामुळे पुढच्या चाकांना पॉवर मिळाली तर पकड एकदम वाढते. तिथे मिस्त्रीनं केलेलं काम उपयोगी पडलं, आणि मालकाला ते मी आवर्जून दाखवलं.

भरल्यावर चित्र पालटतं. कॅरेट चढल्यावर काट्यावर पुढचा हिस्सा जेमतेम एकतृतीयांश निघाला. म्हणजे पूर्वी दोनतृतीयांश वजन ज्या चाकांवर होतं त्यांनाच पॉवर होती. आता उरलेल्या तिसऱ्या हिश्शालाही मिळाली. कागदावर पकड दीडपट. दीडपट ही लहान गोष्ट नाही. पण त्या संध्याकाळी गाडी घसरली नव्हती. मागची चाकं आधी रुतली होती. टायरमधली हवा जेवढ्या दाबाची, साधारण तेवढ्याच दाबानं टायर जमीन दाबतो. डांबरासाठी ठासून भरलेली हवा घेऊन तो ओल्या काळ्या मातीत शिरला तर तो खालीच जाणार. मग चालकानं गॅस दिला. उघड्या डिफरेन्शियलमुळे (ॲक्सलच्या मधला हा जोड, लॉक नसला तर जे चाक सहज फिरतं त्यालाच फिरवतो) पुढचं एक आणि मागची एका बाजूची चाकं भिरभिरली. "चारही" फिरत होती असं त्याला वाटलं. चाकोऱ्या सांगत होत्या की डावीकडचीच फिरली. दोन्ही ॲक्सलना लॉक नव्हतं, आणि लॉक नसलेल्या फोर बाय फोरला थांबवायला दोन घसरडी चाकं पुरतात.

आणि शेवटी ती टेकली. मागचं हाउसिंग टेकेल असं मला वाटलं होतं. पण दोन चाकोऱ्यांच्या मधल्या वरंब्यावर नांगरल्याची एक खोल रेघ होती, आणि ती पुढून आलेली. ती ट्रान्सफर केसची होती. मूळ ट्रकच्या पोटाखाली त्या जागी एक बारका शाफ्ट होता, पुरेसा वर. आता तिथे ओतीव पेटी टांगली होती, चेसिसच्या खाली हातभर. गाडी चार इंच उचलून मिळवलेली उंची त्या पेटीनं खाल्ली आणि वर आणखी मागितली. ट्रकला मदत करायला बसवलेली वस्तूच नांगर होऊन जमिनीत रुतली.

त्या रात्री नव्वदेक कॅरेट उतरवून धुऱ्यावर (बांधावर) ठेवली, चाकांखाली फळ्या सारल्या, दोन ट्रॅक्टर आणि साखळदंड लावले, तेव्हा कुठे पहाटे गाडी निघाली. ट्रॅक्टरवाल्यानं मालकाकडून भाडं घेतलं ते घेतलंच, वर एक वाक्य ऐकवलं, ते इथे देता येणार नाही.

कागद

दुसरा प्रश्न फिटनेसचा. ट्रक आठ वर्षांपुढचा, म्हणजे दर वर्षी फिटनेस. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ ए आलं. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच-४० पाटीचा, ग्रामीण आरटीओचा हा ट्रक खाली वाकणाऱ्या कुठल्याही निरीक्षकाच्या नजरेतून सुटला नसता.

"पण अमेरिकेत तं लोक व्हॅन फोर बाय फोर करून विकतेत," मालकाचा भाचा म्हणाला. करतात. १९३१ मध्ये इंडियानापोलिसला सुरू झालेल्या मार्मन-हेरिंग्टननं फोर्डचे ट्रक सगळ्या चाकांना पॉवर देऊन विकले; मिनियापोलिसच्या नॅप्कोचे तयार संच १९५० च्या दशकात शेव्हरोले आणि जीएमसी ट्रकांवर चढत. आज पेनसिल्व्हेनियाची क्विग्ली फोर्डच्या व्हॅन करते, ऑस्ट्रियाची ओबेराइग्नर मर्सिडीज स्प्रिंटरची, फ्रान्सची दांजेल प्यूजो-सित्रोएनच्या. पण त्यांचं काम एका गाडीचं नसतं. एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्यांसाठी एकदा आराखडा, एकदा चाचणी, उत्पादकाशी बोलणं, आणि मग तोच संच. आपल्याकडे असं प्रमाणपत्र घ्यायचं तर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहनचाचणी संस्थेकडे जावं लागतं. एका जुन्या ट्रकसाठी तो खर्च ट्रकच्या किमतीला लाजवेल.

विम्याबद्दल मी मालकाला एवढंच सांगितलं: अपघात झाला आणि पाहायला मीच आलो, तरी आधी गाडीखाली पाहीन, आणि जे दिसेल ते लिहीन. तो हसला, पण त्याला कळलं.

भाच्याकडे टाटाची विंगर व्हॅन आहे. तीसुद्धा फोर बाय फोर करता येईल का, असा त्याचा खरा हेतू होता. विंगर फ्रंट व्हील ड्राइव्ह, पॉवर फक्त पुढच्या चाकांना. मागे ना शाफ्ट, ना हाउसिंग, ना ते टांगायला जागा. त्याला नाही म्हणायला दोन मिनिटं लागली.

परत मूळ पदावर

सुदैवानं मूळ बीम वर्कशॉपच्या शेडमागे ताडपत्रीखाली होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रीनं सगळं उतरवलं आणि बीम, मूळ पाटे, मूळ शाफ्ट परत बसवले. मजुरीचे पैसे त्यानं घेतले नाहीत. दोघांत त्यावरून बोलणं झालं असेल, मी तिथे नव्हतो. स्टेअरिंग त्या दिवशीपासून वळणानंतर आपोआप परत यायला लागलं. जानेवारीत फिटनेस झालं.

बागांचा प्रश्न मात्र ट्रकखाली सुटणारा नव्हता, हे तोवर सगळ्यांना पटलं होतं. ज्या बागेत गाडी टेकली तिथून डांबरापर्यंत पांदण आहे. तिचा दीडशे मीटरचा एक सखल तुकडा दर वर्षी बुडतो. त्या पांदणीवर चार शेतकऱ्यांची वहिवाट. मालकानं मुरमाच्या ट्रिपा आणल्या, शेतकऱ्यांनी कडेला नाली खणून दिली. माल बागेतून ट्रॉलीवर येतो, ट्रक डांबराच्या कडेला उभा राहतो. ट्रॉलीचा आणि मूळ उंचीच्या ट्रकचा फाळका जवळजवळ सारख्या पातळीला येतो, म्हणून पाठीला पाठ लावून कॅरेट सरकवता येतात, ओतावी लागत नाहीत. ट्रक चार इंच उंच असता तर हे जमलं नसतं.

एका लहान बागेसाठी त्यानं हंगामापुरती बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर भाड्यानं घेतली. ती कंपनीतूनच तशी येते, आरसीवरही तशीच लिहिलेली असते. माल कमी नेते, पण ओल्या चढावर निघते. चालकाला तिच्यात हवा कमी करून बागेत शिरायची सवय लागली आणि डांबरावर येण्याआधी भरायचीही; गाडीत आता एक बारका कॉम्प्रेसर असतो. ट्रकमध्ये दोन जाड फळ्या आणि साखळदंड कायमचे ठेवले आहेत.

नरखेडकडच्या एका बागेचं अजून काही झालेलं नाही. तिथे नाल्यापलीकडे पांदणच नाही, सातबाऱ्यावरही नाही आणि जमिनीवरही नाही. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जावं लागतं. ओल्या वर्षी तिथला माल बंडीनं बाहेर येतो, बैलाच्या पावलानं, आणि भाडं किती ते बंडीवाला सकाळी आभाळाकडे पाहून सांगतो.